धाकटीला दूध नव्हतं

काकासाहेबांच्या कथावर्गात टाळ्या वाजत नसत, टेबल वाजायचं.

औरंगपुऱ्यातल्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी आठ-दहा माणसं लांब लाकडी टेबलाभोवती बसत. ज्यानं गोष्ट लिहिली त्यानं उभं राहून वाचायची. बाकीच्यांनी मधे बोलायचं नाही, मान डोलवायची नाही, अरेरे म्हणायचं नाही. एखादं वाक्य खोटं वाटलं तर बोट वाकवून टेबलावर टकटक करायची, एवढंच. वाचणाऱ्यानं तिथं थांबून ते वाक्य पुन्हा वाचायचं. पुन्हा टकटक झाली की खाली बसायचं. त्या रविवारपुरती ती गोष्ट तिथंच संपली.

"न घडलेलं म्हणजे खोटं नव्हे," काकासाहेब प्रत्येक नव्या माणसाला सांगत. "न घडलेलं लिहायलाच आपण जमलोय. लिहिणाऱ्याला स्वतःलाच जे पटलेलं नाही ते खोटं."

बोलताना ते कुणाचा मुलाहिजा ठेवत नसत. एसटीतून निवृत्त झालेल्या रामकिसनरावांनी आपल्या वडिलांवर गोष्ट लिहून आणली, तर त्यांना म्हणाले, "रामकिसनराव, तुमचे वडील गेले याचं मला वाईट वाटलं असतं. पण तुम्ही त्यांना पहिल्या ओळीतच हार घालून भिंतीवर टांगलंय. जिवंत केव्हा होते ते सांगा की." रामकिसनरावांनी कागद घडी करून खिशात घातले. पुढच्या रविवारी मात्र ते पुन्हा आले. सगळेच पुन्हा यायचे. मार खाऊन त्याच दाराशी येणाऱ्या कुत्र्यागत येतो आपण, असं अक्षदाला वाटायचं. आणि यायचंच असायचं.

हर्सूलहून ती रिक्षानं यायची. गोष्ट फोनवर लिहिलेली, अंगठ्यानं, चुलीपाशी बसून किंवा दुपारी कपड्यांच्या घड्या करता करता. पहिल्या खेपेला तिनं वाचलं, 'बाळ गेल्याचं कळलं आणि थोरलीचं काळीज फाटलं,' तेव्हा टेबल असं वाजलं की खालून ग्रंथपाल वर बघायला आला.

"काळीज कुणी पाहिलं, ताई?" काकासाहेब म्हणाले. "चोळी दिसते. चोळी लिहा."

हे तिच्या जिव्हारी लागलं. रिक्षात बसल्यावर डोळे भरून आले, आणि जळगाव रोडच्या वळणावर, डोळे भरलेले असतानाच, तिला चोळी दिसली. छातीवर दोन गोल ओले डाग, कडेनं वाळत आलेले, मधे पुन्हा ओले. घरी जाऊन तिनं काळीज पुसलं आणि डाग लिहिले. पुढच्या रविवारी त्या ओळीवर एकही बोट वाजलं नाही.

तेव्हापासून ती शिकत गेली. 'खूप' काढलं, 'अतिशय' काढलं. 'ती रडली' काढून तिथं थोरली भिंतीकडं तोंड करून बसली. दर रविवारी गोष्ट चार-चार ओळी पुढं सरकायची, आणि मग एका ठिकाणी येऊन आडवी व्हायची.

'धाकटीला दूध नव्हतं.'

इथं टेबल वाजायचं. एकट्या काकासाहेबांचं नाही, सगळ्यांचं. समोर बसणारी सोनिया म्हणून कॉलेजातली पोरगी होती, तिचं बोट सगळ्यांत आधी. अक्षदानं वाक्य उलटंपालटं करून पाहिलं. 'धाकटीची छाती कोरडीच राहिली.' टकटक. 'धाकटीला दूध आलंच नाही.' टकटक.

एकदा तिनं नियम मोडला. "अहो पण असं होतं ना, सर! कितीतरी बायकांना येत नाही दूध."

"येत नसेल," काकासाहेब शांतपणे म्हणाले. "पण ह्या बाईला येत होतं. तुमच्या आवाजावरून कळतंय. बसा."

ती बसली. त्या खोलीत तिला ओळखणारं कुणी नव्हतं आणि सगळ्यांना कळलं होतं.

*

कारण धाकटीला दूध होतं. चांगलं भरपूर होतं.

धाकटी ती स्वतः. थोरली तिची जाऊ, मोनिका. मोनिकाचा नवरा रामहरी आणि अक्षदाचा भारत, दोघं भाऊ वाळूजला एकाच कंपनीत. एकाची पाळी सुटायची तेव्हा दुसऱ्याची लागायची. घर हर्सूलला, तलावाच्या अंगाला, एका भिंतीला भिंत लागून दोन खोल्या इकडं, दोन तिकडं. मधल्या अंगणात सासूबाईंच्या शेळ्या. सासूबाई म्हणजे बानाबाई. अर्धं आयुष्य कन्नडच्या घाटात मेंढरांमागं चाललेली बाई. मेंढरं विकून पोरांनी शहरात आणलं तरी आवाज अजून रानातलाच. दोन घरांपलीकडं सहज जायचा.

दोघी जावा एकाच वेळी पोटुशी राहिल्या. गल्लीतल्या बाया चेष्टा करायच्या, बानाबाई, एकाच पाळण्यात दोन घाला, जागा वाचंल. अक्षदाला मुलगी झाली, ज्ञानेश्वरी. आठवड्याच्या आत मोनिकाला मुलगा झाला आणि पाचवी पुजायच्या आधीच गेला. सटवाई कपाळावर लिहायला येते म्हणतात, तिला लिहायला कपाळच उरलं नाही.

मोनिका दवाखान्यातून आली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. जेवेना, बोलेना. ताप चढला. छाती दगडासारखी झालेली. बाळाच्या अंगातून काढलेलं झबलं तिनं उशीखाली ठेवलं होतं, तेवढं मात्र कुणाला हात लावू द्यायची नाही. दुपारी ती ग्लानीत असताना बानाबाईंनी ते उशीखालून ओढलं, अक्षदाच्या खोलीत आल्या आणि ज्ञानूच्या अंगातलं काढून तिला ते घालायला लागल्या.

"आत्याबाई, काय करताय?"

"गप."

अक्षदाला कळलं. माहेरीही मेंढरंच होती, तिनं लहानपणी पाहिलेलं होतं. कोकरू मेलं आणि मेंढी पान्हावून ओरडत राहिली, तर धनगर मेल्या कोकराचं कातडं सोलून घेतात आणि दुसऱ्या पोरक्या कोकराच्या अंगावर चढवतात, पाय बाहेर काढून, जाकीट घालावं तसं. मेंढी शेपटीपाशी हुंगते. वास आपल्या लेकराचा. मग उभी राहते, पिऊ देते.

फक्त ज्ञानू पोरकी नव्हती.

"तुझं दूध बांधून टाक," बानाबाई म्हणाल्या. "माझं जुनं लुगडं फाड अन् पट्टा आवळ. चार-आठ दिस दुखंल, मंग आटंल. त्या बाईला नुसतं पोरगं दिऊन भागत नाय, पोरगं उपाशी हाय हे दिसाया पायजे. न्हायतर ती जायाची गं. म्या पाह्यलंय तोंड तिचं."

मग त्या ज्ञानूला घेऊन पलीकडं गेल्या. भिंतीतून त्यांचा आवाज आला, मुद्दाम मोठा केलेला. "मोने, ये मोने. धाकटीला दूध नाय गं. पोरगी उपाशी मरंल."

बराच वेळ नुसतं ज्ञानूचं रडणं. मग ते एकदम थांबलं. अलीकडच्या खोलीत अक्षदाची चोळी भिजली ती पोटापर्यंत.

तिनं लुगडं फाडलं, पट्टा आवळला. ताप आला, काखेत गाठी आल्या, आणि शेवटी आटलं. मोनिका उठली. जेवायला लागली, भांडायला लागली, हसायलासुद्धा. ज्ञानू आता अंगणभर धावायची, चार शब्द बोलायची, तरी दुपारी निजताना आणि दिवेलागणीला मोनिकाच्या पदराखाली शिरायची. तिला ती 'आई' म्हणायची आणि अक्षदाला 'अच्छदा'. मोनिका दटावायची, "ए, नाव घेतीस व्हय आईचं!" आणि दटावताना तिच्या गालाला खळी पडायची.

त्या दोन वेळाच अक्षदाच्या लिहिण्याच्या. ज्ञानू मोनिकाच्या मांडीवर, अक्षदाचा अंगठा फोनवर. मोनिकानं दिलेल्या वेळात ती मोनिकाला लिहीत होती.

*

आपण चोरून लिहितोय, असं अक्षदाला वाटायचं. मोनिकाला माहीत होतं.

काकासाहेबांनी सांगितलं होतं, तपशील लांबून आणू नका, हाताशी असेल तिथून घ्या. तेव्हा एका दुपारी शेंगा फोडता फोडता अक्षदानं विचारलं, "ताई, तवा छातीला हात लागला तर कसं वाटायचं गं?"

मोनिकाचा हात थांबला. अक्षदाला वाटलं, आता उठून जाईल.

"चुलीतल्या धोंड्यावानी," मोनिका म्हणाली. "आतून तापलेला. पोर रडलं, कुणाचं बी, गल्लीतलं, टीव्हीतलं, की चरचरायचं." मग शेंगांचं सूप पुढं ओढत, "आजपातूर कुणीच इचारलं नाय गं हे. समदी म्हणत्यात इसर. इचारलं तूच पहिल्यांदा."

आणि ती सांगत गेली. बाळाची नखं लांब होती. डावा कान दुमडलेला होता. दवाखान्यातल्या आयाबाईनं त्याला तिच्या हातातून घेताना दुपट्टं परत दिलं, चुरगळलेलं, जशी दुकानदारानं पिशवी परत द्यावी. अक्षदा शेंगा फोडत होती आणि एकेक गोष्ट मनात नीट लावून ठेवत होती. दुमडलेला कान. पिशवी. चुलीतला धोंडा. मधेच तिला जाऊबाईला जवळ घ्यावंसं वाटलं. पण मग बोलणं थांबलं असतं. तिनं घेतलं नाही.

"लिव्हतीस ना हे?" मोनिकानं विचारलं.

अक्षदाच्या हातातली शेंग निसटली.

"मला काय कळत नाय व्हय? रविवारी जातीस, आल्यावर माझ्याकडं अशी बघतीस जशी माझ्या अंगावर काय सांडलंय. लिव्ह. माझी ना नाय." मग आवाज खाली आला. "फकस्त त्याचं नाव लिव्ह. म्या ठिवलं होतं मनातल्या मनात. इंद्रजीत. पाचवी नाय, बारसं नाय, रेशनकार्डात नाय, कुठंच नाय. तुझ्या गोष्टीत तरी असू दे."

त्याच दुपारी अक्षदानं नाव घातलं. 'थोरलीनं मनातल्या मनात त्याचं नाव इंद्रजीत ठेवलं होतं.'

रविवारी काकासाहेबांनी स्वतः टकटक केली. "हे नाव काढा. थोरली, धाकटी, म्हातारी, बाळ. कुणालाच नाव नाही, म्हणून तर गोष्ट चाललीय. त्यात एकदम हा इंद्रजीत येतो आणि वाचक अडखळतो. कुणाच्या तरी आग्रहानं घातल्यासारखं वाटतं."

"कुणाच्या तरी आग्रहानंच घातलंय, सर."

"मग त्या माणसाला वेगळं काहीतरी द्या. साडी द्या. गोष्टीत जागा देऊ नका."

सोनिया हसली. अक्षदा घरी आली. नावासकट वाक्य वाचून पाहिलं, नावाशिवाय वाचून पाहिलं. काकासाहेबांचं खरं होतं. नावाशिवाय ते पाण्यासारखं वाहत होतं.

तिनं नाव काढलं.

*

दिवाळी अंकासाठी वर्गातली एक गोष्ट काकासाहेब निवडणार होते. त्याआधीच्या रविवारी घरच्यांनाही बोलवायचं, सगळ्यांसमोर वाचायचं, नियम तेच.

"मी येणार," मोनिकानं जाहीर केलं. "निम्मी गोष्ट माझी हाय. पोरगी कुणी सांभाळली? म्या. मंग?"

"तिथं नुसतं बसायचं असतं, ताई. कंटाळशील."

"बसाया येतं मला."

भारत जेवता जेवता म्हणाला, "ने की वहिनीला. तू लेखिका झालीस म्हणून आमच्या कंपनीत मी पेढे वाटायचे का भजी, तेवढं आधी सांग." आणि स्वतःच हसला.

आठवडाभर अक्षदाच्या डोक्यात एकच वाक्य. टेबलाला खरं काय ते हवं होतं. खरं वाचलं तर गोष्ट होणार होती. पहिल्यांदा तिच्या हातून काहीतरी पूर्ण, न अडखळणारं होणार होतं. आजवर तिच्या आयुष्यात अर्धी सुटलेली बी.ए., अर्धं सुटलेलं शिवण आणि आटलेलं दूध. पण खरं वाचायचं म्हणजे मोनिकासमोर वाचायचं. ज्या एका वाक्यावर ती बाई भिंतीकडून वळून उठली, ते वाक्य तिच्या हातातून काढून घ्यायचं.

शनिवारी तिनं ठरवलं. जुनंच वाचायचं. टकटक होऊ दे, बसू खाली. नाही तर नाही छापली. फोनवर दोन्ही वाक्यं एकाखाली एक होती, वर जुनं, खाली खरं. तिनं खालचं पुसायला अंगठा ठेवला आणि पुसलं नाही. म्हटलं, असू दे.

*

मोनिका नवी साडी नेसून आली होती. ज्ञानू मांडीवर. खुर्ची टेबलापासून जरा मागं, खिडकीपाशी. आधी रामकिसनरावांनी वाचलं; वडील ह्या खेपेला पहिल्या ओळीत विडी ओढत होते, तरी दुसऱ्या पानावर टेबल वाजलंच. मग सोनियानं वाचलं, तीही मधेच बसली. अक्षदाचं नाव आलं.

ती उभी राहिली. चोळीवरचे डाग. कुणाचं बोट हललं नाही. चुलीतला धोंडा. पिशवीसारखं परत दिलेलं दुपट्टं. मोनिका मान पुढं काढून ऐकत होती, ओठ किंचित हलत होते, जशी ती पुढचा शब्द अक्षदाच्या आधी शोधत असावी. ती नावाची वाट बघतेय, हे अक्षदाला कळलं. नावाची जागा आली आणि वाहून गेली.

म्हातारीनं झबलं ओढलं. कोकराचं कातडं. खोली इतकी शांत होती की ज्ञानूचं चुटचुट पिणं ऐकू येत होतं. तिला झोप आली होती आणि मोनिकानं तिला पदराखाली घेतलं होतं.

आता ते वाक्य.

अक्षदानं मान वर केली. सोनियाचं बोट वाकून तयार होतं. काकासाहेबांचंही, टेबलापासून वीतभर वर. ते तिच्याकडं बघत नव्हते, टेबलाकडं बघत होते, कंटाळलेल्या माणसासारखे. पुन्हा तेच ऐकायचं आहे, असे. तो कंटाळा तिला सहन झाला नाही. दया आली असती, राग आला असता तर तिनं जुनं वाक्य वाचलं असतं. पण तो कंटाळा!

'धाकटीला दूध होतं,' तिनं वाचलं. 'भिंतीच्या अलीकडं ती लुगड्याच्या पट्ट्यानं छाती आवळत होती, आणि भिंतीपलीकडं म्हातारी ओरडून सांगत होती, पोरगी उपाशी मरंल.'

काकासाहेबांचं बोट हवेत राहिलं. मग हळूच खाली आलं आणि टेबलावर टेकलं, आवाज न करता.

अशी शांतता तिनं जन्मात ऐकली नव्हती. ती अंगावर घेत ती शेवटपर्यंत वाचत गेली. अगदी शेवटी, 'आणि दोघीही त्या लेकीच्या आया झाल्या,' ह्या ओळीवर एकच टकटक झाली, काकासाहेबांची.

"शेवट तेवढा गोड झालाय," ते म्हणाले. "बाकी गोष्ट झाली, ताई. ही घेतोय मी अंकात. शेवट मात्र खरा आणा. पंधरवडाभरात."

सोनियानं, रामकिसनरावांनी, सगळ्यांनी नियम विसरून टाळ्या वाजवल्या. अक्षदानं खिडकीकडं पाहिलं. मोनिकानं ज्ञानूला पदराखालून काढलं होतं आणि ती खांद्यावरचा पदर नीट करत होती, पुन्हा पुन्हा, जिथं नीटच होता तिथं.

*

हर्सूलच्या रिक्षात दोघी शेजारी बसल्या. "भाभी, जरा अंदर सरको, बच्ची गिरेगी," रिक्षावाला म्हणाला, आणि मोनिका सरकली. तेवढंच. नाक्यावर उतरून चालताना तिनं ज्ञानूला कडेवरून उतरवून बोट धरायला लावलं. ज्ञानू रुसली, तरी उचललं नाही.

अंगणात आल्यावर ती थांबली.

"त्याचं नाव कुठं गेलं?"

"ताई, सर म्हणाले, नावानं वाचक..."

"जड झालं व्हय? तीन दिसाचं पोर. जड झालं."

"ताई, दुधाचं मी... ते वाचायचं नव्हतं मला. शपथ. तुला असं कळायला नको होतं."

"कळायचं काय त्यात?" मोनिकाचा आवाज चढला नाही. "मला पहिल्याच दिशी ठावं होतं. तुझ्या चोळ्या माझ्या खिडकीम्होरं वाळायच्या. दुधाचा डाग वाळला की कसा कडक होतो ते तू मला शिकवतीस? अन् झबलं म्या वळखलं नसंल? मी काय मेंढरू हाय?"

"मग बोलली का नाहीस?"

"कशापाई बोलू? तू गप व्हतीस, आत्याबाई गप व्हत्या, म्या बी गप व्हते. तिघींनी मिळून धरलं व्हतं ते. तुम्ही म्हणत व्हता गरज हाय, म्हणून म्या पाजत व्हते. आता तू चार लोकांत उभी राहून म्हणालीस, नव्हती गरज." तिनं ज्ञानूचं बोट सोडलं. "आता म्या काय म्हणून पाजू?"

अंगणात शेळी ओरडली. अक्षदाला रडू फुटत होतं, खरंच फुटत होतं, आणि त्याच क्षणी, त्याच रडण्याच्या आत, कुठंतरी एक बोट टेबलावर आवाज न करता टेकलं. आता म्या काय म्हणून पाजू. हाच शेवट. तिनं ते वाक्य मनात एकदा म्हणून पाहिलं.

मोनिका तिच्या तोंडाकडंच बघत होती.

"हे बघ. आता बी तेच करायलीस," ती म्हणाली. "तिथं समदी गप झाली तवा तू हसलीस. बारीक, ओठाच्या कोपऱ्यात. म्या पाह्यलं. घे. हे बी घे. लिव्ह."

आणि ती आपल्या खोलीत गेली.

बानाबाई ओट्यावर बसून सगळं ऐकत होत्या. सुनेवर हात उगारायची त्यांची पद्धत नव्हती, पण त्या उठून आल्या आणि अक्षदाच्या हातातला फोन हिसकावून शेळ्यांच्या पाल्यावर फेकला.

"कातडं आपल्या हातानं काढायचं नसतं गं, भवाने. त्ये वाळून गळंस्तवर थांबत्यात. एकदा माझ्या भावानं, आप्पानं, घाई केली व्हती. मेंढीनं त्याच कोकराला असं ढुशीवर घेतलं की सांजच्याला मेलं." मग त्या मोनिकाच्या दाराकडं बघत राहिल्या. त्या दाराशी जायची हिंमत त्यांनाही झाली नाही.

*

दिवेलागणीला ज्ञानू नेहमीसारखी पलीकडं पळाली. अक्षदा भिंतीला कान लावून उभी राहिली. मोनिका तिला हाकलून देईल, असं वाटलं होतं. तिनं हाकललं नाही. "ये," म्हणाली, नेहमीच्याच आवाजात. मग क्षणभर काही नाही, आणि मग ज्ञानूची किंकाळी. मार बसल्यासारखी नव्हे. फसवल्यासारखी.

ज्ञानू परत आली ती जीभ बाहेर काढून, दोन्ही हातांनी ती खरवडत. ओठांवर, हनुवटीवर हिरवा चोथा. कडुनिंब. पोरांचं दूध तोडायचं असलं की बाया छातीला लावतात, वाटून, दाट. अक्षदानं पदरानं तिची जीभ पुसली, गूळ चारला. पोरीनं गूळ थुंकला. मग सवयीनं नव्हे, नुसतं कुठंतरी जायचं म्हणून तिनं अक्षदाच्या छातीशी तोंड नेलं, थोडं धरलं, सोडलं आणि अक्षदाकडं असं पाहिलं जसं एखाद्या बंद दुकानाकडं पाहावं.

दुसऱ्या दिवशीही मोनिकानं लावलं. तिसऱ्या दिवशी लावायची गरज पडली नाही. ज्ञानू उंबऱ्यापर्यंत जायची, वास घ्यायची आणि मागं सरकायची. मग मोनिकानं दारच लावून घ्यायला सुरुवात केली. भिंतीपलीकडून तिचं भांडणं, हसणं ऐकू येईनासं झालं. रामहरी पाळीवरून आला की दोन भांड्यांचा आवाज, तेवढाच. जेवते का, म्हणून बानाबाईंनी त्याला अंगणात विचारलं. तो म्हणाला, "भिंतीकडं तोंड करून बसती."

दुपारी निजायची वेळ झाली की ज्ञानू रडायची, दिवेलागणीला रडायची, आणि अक्षदाच्या कडेवरून उतरायला तयार नसायची. लिहायच्या त्याच दोन वेळा होत्या. आता त्या नव्हत्या.

पंधरवडा संपत आला तशी एका दुपारी तिनं रडणाऱ्या पोरीला खाली ठेवलं, मोरीपाशी पाठ करून उभी राहिली आणि अंगठ्यानं एका दमात शेवट लिहिला. थोरलीचा प्रश्न. कडुनिंब. लेकरानं उंबऱ्यावर घेतलेला वास. कुठंच थांबावं लागलं नाही. लिहून झाल्यावर तिला आठवलं, निदान नाव तरी परत घालू. एवढं तरी. थोरली दार लावते त्या ओळीत तिनं इंद्रजीत घातलं आणि ओळ पुटपुटून पाहिली. अडखळत होती. दुसऱ्या ओळीत घालून पाहिलं. तिथंही. काकासाहेबांनी तिचा कान असा तयार केला होता की आता त्याला काही सहन होत नव्हतं.

तिनं नाव पुसलं आणि गोष्ट पाठवली.

काकासाहेबांचं उत्तर लगेच आलं. 'उत्तम. दोनदा वाचली. आता कुठंही टकटक नाही.'

तिनं ते वाचलं, आणि तिच्या ओठाचा कोपरा हलला. तिला कळलं, तो हलला. मग तिच्या ध्यानात आलं, खोलीतलं रडणं थांबलंय. ती अंगणात धावली. ज्ञानू पलीकडच्या बंद दाराशी उभी होती. रडत नव्हती. इवलासा पंजा दारावर मारत होती, थांबून ऐकत होती, पुन्हा मारत होती.

आतून काही आवाज आला नाही.